प्रकाशकाने दुर्लक्षिलेला खेळ
ज्यात प्रत्येक खेळाडू एक पात्र वठवतो आणि फासे व नियमपुस्तकाच्या आधारे सर्वजण मिळून कथा घडवतात, अशा भूमिकाखेळांपैकी ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ हा ब्रिटनमधील ‘गेम्स वर्कशॉप’ने १९८६ मध्ये प्रकाशित केला, परंतु कंपनीची खरी मिळकत लघुप्रतिमांवर, म्हणजे युद्धखेळातील चिमुकल्या सैनिकांच्या विक्रीवर अवलंबून असल्याने, आणि नियमपुस्तक एकदा घेतले की वर्षानुवर्षे पुरत असल्याने, या गुणी खेळाकडे तिचे दुर्लक्ष झाले. १९९५ मध्ये ‘हॉग्सहेड’ या छोट्या संस्थेने परवाना घेऊन, म्हणजे मूळ मालकी कंपनीकडेच ठेवून, त्याला जीवदान दिले, हे त्या संस्थेचे मोठेच श्रेय होय. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीमागील ‘ब्लॅक इंडस्ट्रीज’ हा ‘गेम्स वर्कशॉप’चा विभागही २००८ मध्ये बंद करण्यात आला. चौथी आवृत्ती २०१८ मध्ये ‘क्युबिकल ७’ने काढली.