'प्रिंटएफ'चा 'प्रलाँगएफ' कसा झाला?

सेकंड इयरची गोष्ट. लॅबमध्ये टर्बो सी. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम सातपर्यंत छान चालायचा, ५०४० उत्तर यायचं. आठ टाकले की उत्तर -२५२१६! कारण तुम्हाला माहीत आहेच. टर्बो सीमधला 'इंट' १६ बिटांचा, त्यात ३२७६७ च्या वरचा आकडा मावत नाही, आणि आठचं फॅक्टोरियल येतं ४०३२०. रूममेट म्हणाला, "अरे, एवढंच ना? फाइंड-रिप्लेस मार. सगळे 'इंट' काढ, 'लाँग' टाक."

मारलं. कंपाइल केलं तर स्क्रीनभर एरर. 'प्रलाँगएफ' या फंक्शनला म्हणे प्रोटोटाइप हवा! हे महाशय आले कुठून? तर 'प्रिंटएफ'च्या इंग्रजी स्पेलिंगच्या मधोमध 'इंट'ची तीन अक्षरं बसलेली असतात. एडिटरने तीही बदलली. 'पॉइंट' नावाच्या व्हेरिएबलचं 'पोलाँग' झालं ते वेगळंच. मग जुनी फाइल उघडून, फक्त पूर्ण शब्द बदलायला सांगून पुन्हा तेच केलं. एरर गेले. रन केलं. उत्तर? -२५२१६. कारण प्रिंटएफमधला 'पर्सेंट डी' तसाच राहिला होता, तो 'पर्सेंट एल-डी' व्हायला हवा होता.

चूक एडिटरची नव्हती. त्याला आपला प्रोग्रॅम म्हणजे नुसती अक्षरांची रांग दिसते. कोणता 'इंट' टाइप आहे, कोणता दुसऱ्या शब्दाचा तुकडा आहे आणि टाइप बदलला की आणखी कुठे बदल करावा लागेल, हे त्याला कळणार कसं?

अक्षरं नव्हे, झाड

इथे कामाला येतात ती सॉफ्टवेअर ट्रान्सफॉर्मेशनची साधनं. ती आधी कंपायलरसारखा कोड वाचतात आणि त्याचं झाड, म्हणजे पार्स ट्री, बनवतात. 'अ + ब गुणिले क' या झाडात वर अधिक, त्याच्या एका फांदीला अ, दुसऱ्या फांदीला गुणाकार. मग आपण नियम द्यायचे: "अशी फांदी दिसली, तर तिच्या जागी तशी लाव." शेवटी झाडावरून पुन्हा वाचण्याजोगा कोड छापायचा.

उदाहरणार्थ, 'कशालाही १ ने गुणलं तर ते तेच' हा नियम घ्या. अक्षरांवर चालवून 'गुणिले १' खोडलं, तर 'क गुणिले १०' मधलाही १ खोडला जाईल आणि मागे 'क०' उरेल! झाडावर हा घोळ होत नाही, कारण तिथे १० हे एकच पान असतं.

पण नुसते नियम पुरत नाहीत. 'अ + ब'चं 'ब + अ' करा असा नियम दिला, तर साधन जन्मभर तेच करत बसेल. म्हणून कोणता नियम कधी, कुठे आणि किती वेळा लावायचा हेही सांगावं लागतं. नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या 'स्ट्रॅटेगो' या भाषेचं नावच त्यावरून पडलं आहे. कॅनडातली 'टीएक्सएल' ही भाषाही याच घराण्यातली.

जनरेटिव्ह प्रोग्रॅमिंगशी काय संबंध?

झार्नेकी आणि आयझेनेकर यांचं या विषयावरचं पुस्तक २००० साली आलं. कल्पना अशी: एकेक प्रोग्रॅम हाताने लिहू नका. एकमेकांसारख्या प्रोग्रॅमचं अख्खं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवा, 'काय हवं' ते थोडक्यात लिहा आणि कोड जनरेटरला बनवू द्या. 'याक' हे याचं जुनं उदाहरण. स्टीफन जॉन्सन यांनी ते १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये लिहिलं. आपण व्याकरण द्यायचं, ते सीमधला पार्सर काढून देतं. आपल्या पुण्यातही, १९८१ साली सुरू झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात, मॉडेलवरून कोड काढणारं 'मास्टरक्राफ्ट' तयार झालं.

आता जनरेटर जर प्रिंटएफने ओळी छापून कोड बनवत असेल, तर तो पुन्हा अक्षरांच्याच रांगेत अडकला. एखादा कंस राहिला तर त्याला पत्ताही लागणार नाही. झाडं बनवून, नियमांनी बदलत नेऊन शेवटी छापणारा जनरेटर कंस विसरत नाही, शिवाय छापण्याआधी कोड सुधारूही शकतो. म्हणून ही दोन्ही क्षेत्रं हातात हात घालून चालतात.

याचं मोठं उदाहरण अमेरिकेच्या बी-२ बाँबर विमानाचं. त्याचं मिशन सॉफ्टवेअर 'जोव्हियल' या जुन्या भाषेत होतं. सेमँटिक डिझाइन्स या कंपनीने आपल्या 'डीएमएस' या साधनाने ते सीमध्ये आणलं. गंमत म्हणजे कोड गुप्त असल्यामुळे नियम लिहिणाऱ्यांना तो बघायचीही परवानगी नव्हती! म्हणजे 'इथे जरा हाताने ठीक करून घेऊ' ही सोयच नाही. जे काही ठीक करायचं ते नियमातच.

हाताने ठिगळ लावू नका

हेच मला सांगायचं आहे. थर्ड इयरला आमच्या ग्रुपमधल्या एकाने ओरलच्या आदल्या रात्री, मेसचं जेवण चुकवून, याकने काढलेल्या सी फाइलमध्येच चार तास दुरुस्त्या केल्या. सकाळी दुसऱ्याने व्याकरणात एक ओळ वाढवून 'मेक' मारलं. फाइल नव्याने तयार झाली आणि चार तासांचं काम गेलं. दोष कोणाचा? 'मेक'चा तर नक्कीच नाही. जनरेट झालेली फाइल हा आपला सोर्स नव्हेच. व्याकरण हा सोर्स. दुरुस्ती तिथेच करायला हवी होती.

आजकाल एआय मिनिटात कोड लिहून देतं, मग हे सगळं कशाला, असं कोणी विचारेल. एआयला तोच प्रश्न दोनदा विचारला तर दोन वेगळी उत्तरं येऊ शकतात. नियम मात्र हजार फाइलींवर तेच काम तसंच करतो, आणि चुकला तर दुरुस्ती एकाच जागी करावी लागते.

हात साफ करायचा असेल तर लिनक्सवर 'कॉक्सिनेल' टाकून बघा. फुकट आहे. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ लेडीबर्ड, म्हणजे इतर किडे खाणारा तो ठिपक्यांचा किडा. इथे खायचे ते अर्थातच बग! कर्नलमधल्या एखाद्या फंक्शनला नवीन आर्ग्युमेंट आलं, की शेकडो ड्रायव्हरमधले कॉल याच्या एका नियमाने बदलता येतात. कर्नलच्या सोर्समध्ये असे नियम ठेवलेलेच आहेत, ते वाचा. मग आपलाच जुना फॅक्टोरियल काढा आणि 'इंट'चा 'लाँग' करणारा नियम लिहून बघा. 'पर्सेंट डी' मात्र विसरू नका!