पेढीचे खोरे व वलगाव

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे सुमारे दहा किलोमीटरवर पेढी नदीचा पूल लागतो. त्या पुलालगतचे मोठे गाव ते वलगाव. दर्यापूरकडे जाणारा रस्ताही येथूनच फुटतो. त्यामुळे बाजारहाटाच्या व कचेरीच्या कामासाठी या भागातील कास्तकाराचे पाऊल येथे वरचेवर पडते. मात्र ज्या नदीवरून तो जातो तिचे पाणी कोठून येते व कोठे जाते याचा विचार क्वचितच केला जातो. शेतीच्या दृष्टीने तो करण्याजोगा आहे.

अमरावती जिल्हा दोन समुद्रांच्या पाणलोटांमध्ये विभागलेला आहे. जिल्ह्याच्या पूर्व भागावर पडलेला पाऊस वर्धा नदीस मिळून प्राणहिता व गोदावरीच्या मार्गाने बंगालच्या उपसागरास जातो. पश्चिमेचे पाणी पूर्णेत उतरते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्र गाठते. पेढी ही या दुसऱ्या कुळातील नदी होय. मोर्शी तालुक्यात रिद्धपूरच्या आसपास उगम पावून ती नैर्ऋत्येकडे वाहते आणि वलगाव मागे टाकून भातकुलीच्या मुलखातून पूर्णेकडे जाते. उत्तरेस क्षितिजावर दिसणारी निळसर रांग म्हणजे सातपुड्याचा गाविलगड डोंगर. त्या डोंगरातून व आसपासच्या चढणीवरून युगानुयुगे वाहून आलेला गाळ पूर्णेच्या खोलगट पट्ट्यात साचला. वऱ्हाडच्या प्रसिद्ध काळ्या जमिनीचा मोठा भाग याच गाळाचा आहे.

या काळ्या जमिनीचे वैभव सर्वांस ठाऊक आहे. तिची खोड मात्र खाली दडलेली आहे. वलगावच्या पश्चिमेस भातकुली, दर्यापूर व अंजनगाव सुर्जी या तालुक्यांतून पुढे अकोला व बुलढाणा जिल्ह्यांपर्यंत खारपाणपट्टा पसरलेला आहे. येथे विहीर खणली तर पाणी लागते, परंतु ते खारट असते. चिकण मातीच्या जाड थरांतून पाण्याचा निचरा होत नाही, क्षार धुऊन जात नाहीत आणि ते वर्षानुवर्षे साठत राहतात. एकोणिसाव्या शतकात अकोल्याकडे दहीहंड्याच्या परिसरात खोल विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करीत असत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

असे पाणी पिकास देणे म्हणजे जमीन चोपण करून घेणे होय. पहिल्या एकदोन हंगामांत ओलिताचे समाधान मिळते. मग पाऊस पडला की वावरात चिखल होतो व वाळले की दगडासारखी ढेकळे पडतात, वखर लागत नाही आणि उगवण विरळ होते. एकदा बिघडलेली जमीन सुधारण्यास माती तपासून जिप्सम घालावे लागते, धैंच्यासारखे हिरवळीचे खत गाडावे लागते व चर काढून निचरा करून द्यावा लागतो. यास खर्च येतो आणि त्याहून अधिक धीर लागतो. म्हणून ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी या भागात नवी कूपनलिका घेऊ पाहणाऱ्या कास्तकारास आधी जवळच्या विहिरींच्या पाण्याचा नमुना तपासून घेण्यास सांगावे. खारपाणपट्ट्यात शेततळ्यात साठविलेले पावसाचे पाणी हेच भरवशाचे ओलीत. खरिपात मूग काढून त्याच वावरात जमिनीच्या ओलीवर हरभरा घेण्याची जुनी रीत या मुलखाने उगीच धरलेली नाही. पेढीवरही निंभा गावाजवळ निम्न पेढी प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यासाठी काही गावांना आपली घरे व वावरे सोडून जावे लागले, याची जाणीव ओलिताचे पाणी घेणाऱ्यांनी ठेवावी.

पाण्याची चिंता या खोऱ्यास आजची नाही. पेढीच्या उगमाकडचे रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पवित्र स्थान. तेराव्या शतकात तेथे गोविंदप्रभू राहत असत. त्यांच्या चरित्रात अशी हकीकत आहे की, गावच्या मातंगांना पाणी मिळत नव्हते. त्यांनी विनविले तेव्हा प्रभूंनी जागा दाखविली, तेथे विहीर खणली आणि पाणी लागले. सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी गद्यात राजवाडे व लढाया यांबरोबर अशी एक विहीर नोंदली गेली, ही त्या ग्रंथाची थोरवीच म्हणावी लागेल. याच गावी मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य २०२४ साली सुरू झाले.

अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातील ताम्रपट सापडला. त्यात हे गाव भोजकट राज्यात असल्याचे म्हटले आहे व ते एक हजार ब्राह्मणांस दान दिले आहे. दानास अटी आहेत: राज्याविरुद्ध द्रोह करू नये, चोरी करू नये, दुसऱ्या गावांशी लढू नये. गाव दिले तरी शिस्त सोडली नाही. अचलपूर पुढे इमादशाहीचे प्रमुख ठाणे झाले. गाविलगड किल्ला इंग्रजांनी १५ डिसेंबर १८०३ रोजी जिंकला व १८५३ साली निजामाने वऱ्हाड त्यांच्या हवाली केला. या गोष्टी शालेय पुस्तकांत येतात. त्या तेथे वाचाव्यात.

वलगावचे नाव महाराष्ट्रभर झाले ते मात्र राजामुळे नव्हे. दि. २० डिसेंबर १९५६ रोजी आजारी गाडगे महाराजांना मोटारीने अमरावतीस आणले जात असता येथेच, पेढीच्या पुलाजवळ, त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी अमरावतीस आहे. वलगाव ही त्यांची निर्वाणभूमी. शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी मूर्तिजापूरकडील दापुरे गावी मामाच्या घरी वाढले. गुरे राखली, वावर कसले. सावकारी कर्जाने कुणब्याचे घर कसे बसते ते त्यांनी तेथेच पाहिले. पुढे १९०५ साली घर सोडून ते हाती खराटा घेऊन गावोगाव फिरले. दिवसा गाव झाडावे व रात्री कीर्तनात त्याच गावकऱ्यांना प्रश्न विचारावेत: कर्ज काढून लग्न का करता, देवाला बकरे का मारता, मुलास शाळेत का घालीत नाही? विस्तारकार्य करणाऱ्याने त्यांची ही रीत अभ्यासावी. आधी काम, मग बोलणे, आणि बोलणे तेही ऐकणाऱ्याकडूनच उत्तर काढून घेणारे. शासनाने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचेच नाव दिले.

त्यांच्या कार्याचा आरंभ पाहावयाचा असेल तर भातकुली तालुक्यातील ऋणमोचनास जावे. पूर्णेच्या काठी मुद्गलेश्वराचे देऊळ आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते व भाविक कर्जातून सुटका मागून नदीत स्नान करतात. काठ निसरडा व चिखलाचा असल्याने लोकांचे हाल होत. ते पाहून गाडगे महाराजांनी तेथे घाट बांधविला. त्याच्या पायऱ्या उतरून लोक आजही पूर्णेच्या पाण्यापर्यंत जातात.