कार्ड आपल्या नावाचं पायजे!

"ईमेल आयडी सांगा मॅडम," संगणक कक्षातल्या मुलानं विचारलं आणि मी पर्समध्ये चिठ्ठी शोधू लागले. चिठ्ठी सापडली. तिच्यावर ह्यांच्या अक्षरात ह्यांचाच ईमेल लिहिलेला होता.

"आणि मोबाईल नंबर?"

तोही मी ह्यांचाच सांगितला. सवयच ना ती! गॅसचं कार्ड असो, बँक असो की मुलांची शाळा, आपल्या तोंडून तोच नंबर येतो.

"मग ओटीपी त्यांच्याकडं जाईल की ओ," मुलगा म्हणाला.

गेलाच. हे मोहोळच्या बाजारात, फोन खिशात, आवाज बंद. तीन वेळा ओटीपी मागवला, तिन्ही वेळा मुदत संपली. मागं रांगेत माझ्या मुलीच्या वयाच्या पोरी उभ्या होत्या. शेवटी मीच म्हटलं, "उद्या-परवा येते रे." आणि केगावच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहिले. चूक कुणाची नव्हती, माझीच होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय अडलं होतं? अडलं होतं मैत्रिणींनो. सेहेचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी.ला नाव घातलंय. विषय, सोलापूरच्या विडी कामगार बायका. मार्गदर्शकांनी वाचायच्या लेखांची यादी दिली. घरी मोबाईलवर शोधलं तर लेखाचं नाव दिसे, चार ओळींचा सारांश दिसे आणि पुढं पैसे मागत. एका लेखाला दीड-दोन हजार! सर म्हणाले, "विद्यापीठाच्या नेटवर्कवरून उघडा. तिथं पैसे पडणार नाहीत."

मला हा चमत्कारच वाटला. पण त्यात चमत्कार काही नाही. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक जागेला आकड्यांचा एक पत्ता असतो. नियतकालिकांची वर्गणी संस्थेमार्फत भरलेली असते. वाचणारा त्या संस्थेच्या पत्त्यावरून आला की प्रकाशकाचं दार उघडतं. कॅम्पसच्या आत पाऊल टाकलं की झालं, असं मात्र नाही. त्या नेटवर्कमध्ये शिरायला आपल्या नावाचं लॉगिन लागतं. कोण आलं, कधी आलं, याची तिथं नोंद राहते.

आपल्याकडं सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागलं १५ ऑगस्ट १९९५ पासून. आमचं सोलापूर विद्यापीठ झालं १ ऑगस्ट २००४ ला. त्याआधी इथं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. २०१९ पासून विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. देशातली विद्यापीठं आणि संशोधनसंस्था वेगवान जाळ्यानं एकमेकींना जोडायची राष्ट्रीय योजना २०१० मध्ये सुरू झाली. आणि १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं. केंद्र आणि राज्य सरकारच्या शिक्षणसंस्थांसाठी तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिकं एकदम खुली झाली. म्हणजे पंगत मांडलेली होती, पान वाढलेलं होतं. माझ्याजवळ बसायला पाटच नव्हता!

त्याच आठवड्यात कुंभारीला गेले होते. अक्कलकोट रस्त्यावरच्या या गावात महिला विडी कामगारांची दहा हजार घरं आहेत. गोदूताई परुळेकरांच्या नावाची ही वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. तिथल्या एका मावशींजवळ बसले होते. हात पानं कापत होते, तोंड बोलत होतं. त्या म्हणाल्या, "लग्नानंतर सात वरसं मी सासूच्या कार्डावर विड्या वळल्या. बोटं माझी, कंबर माझी, हिशेब तिच्या नावानं. फंड बी तिच्याच नावावर. मग भांडून आपलं कार्ड काढलं. कार्ड आपल्या नावाचं पायजे बघा. न्हाईतर केलेलं काम कुठं दिसतंय?"

मी वहीत लिहून घेत होते आणि लिहितालिहिता माझी मलाच लाज वाटली. मी शिकलेली, पंधरा वर्षं शिकवणारी. तरी सासूच्या कार्डावर विड्या वळल्यासारखीच नवऱ्याच्या ईमेलवर पीएच.डी. करायला निघालेली!

दुसऱ्या दिवशी आधार कार्ड घेऊन गेले आणि स्वतःच्या नावाचं सिम घेतलं. लेकीला शेजारी बसवून ईमेल काढला. "दे आई, मी करते पटकन," ती म्हणाली. म्हटलं, "तू सांग. करणार मी." अर्धा तास लागला, पण झालं.

पुन्हा केगाव. तोच मुलगा, तोच फॉर्म. या वेळी ओटीपी माझ्या हातातल्या फोनवर टुणकन आला. पासवर्ड टाकला आणि यादीतला पहिला लेख उघडला. सगळाच्या सगळा, बावीस पानं! चष्मा पुसायच्या निमित्तानं डोळेही पुसून घेतले.

तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या लेकीसुना, कॉलेज-विद्यापीठात जाणार असतील तर चार गोष्टी सांगते. जाताना ओळखपत्र, स्वतःचा फोन आणि स्वतःचा ईमेल न्या. लॅपटॉप असेल तर तोही न्या. काही ठिकाणी त्याच्या वायफायचा क्रमांक नोंदवून घेतात, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. नाव अवघड, पण सेटिंगमध्ये सापडतो. सगळ्यांच्या वापरातल्या संगणकावर 'पासवर्ड जतन करू का?' असं विचारलं तर 'नको' म्हणा आणि उठताना लॉग आउट करा. घराचं कुलूप लावल्याशिवाय आपण जातो का कधी? आपला पासवर्ड मैत्रिणीलाही देऊ नका. तिनं काही भलतंसलतं केलं तर नोंद आपल्याच नावावर होते.

रोज विद्यापीठात जाणं जमत नसेल तर ग्रंथालयात विचारा. पुष्कळ संस्थांत घरबसल्या वाचायची सोय असते, तिचं लॉगिन तिथंच मिळतं. गावातल्या कॉलेजात 'एन-लिस्ट' आहे का तेही विचारा. आणि 'शोधगंगा'वर तर लॉगिनही लागत नाही. देशभरातले पीएच.डी.चे हजारो प्रबंध तिथं कुणालाही वाचता येतात.

त्या संध्याकाळी जेवताना ह्यांनी विचारलं, "झालं का तुझं नेटचं? पासवर्ड काय ठेवलास?"

भाकरी वाढता वाढता मी म्हटलं, "तो सांगत नसतात."

हे क्षणभर बघत राहिले, मग हसले. "बरं बाई," म्हणाले आणि चटणीची वाटी पुढं केली.

पुढच्या आठवड्यात कुंभारीला जायचंय. मावशींना सांगायचंय, माझंही कार्ड निघालं म्हणून.