लष्करी भूमीवरील फुलपाखरांचे अधिवास

सैनिकी सरावासाठी राखून ठेवलेल्या क्षेत्रात शेती, बांधकाम व नागरी वावर यांना मज्जाव असतो. त्यामुळे काही दुर्मिळ फुलपाखरांचे अधिवास तेथे टिकून राहिले आहेत. सुरवंट बहुधा ठराविक वनस्पतींचीच पाने खातात. त्या वनस्पती नाहीशा झाल्या की, फुले विपुल असूनही ती जाती तेथून नष्ट होते. म्हणून संरक्षणात खाद्यवनस्पती व तिला अनुकूल परिस्थिती यांचा विचार प्रथम करावा लागतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे सेंट फ्रान्सिस सॅटर (शास्त्रीय नाव निओनिंफा मिचेलाय फ्रॅन्सिसाय) हे होय. डोळ्यांसारखे ठिपके असलेले हे तपकिरी फुलपाखरू अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर १९८३ मध्ये सापडले. संग्राहकांमुळे ते नामशेष झाले असे मानले जात असता १९९२ मध्ये ते तेथेच पुन्हा आढळले. १९९५ मध्ये त्याला कायद्याने संरक्षण मिळाले. त्याचा आढळ या तळापुरताच मर्यादित आहे.

ते ओढ्याकाठच्या पाणथळ कुरणांत राहते. बीव्हर हा प्राणी ओढ्यावर बांध घालतो. तुंबलेल्या पाण्यात झाडे मरतात आणि पुढे बांध ओस पडून पाणी ओसरले की, कुरण तयार होते. अधूनमधून लागणारी आग त्यात झाडोरा माजू देत नाही. आसपासच्या प्रदेशात आग व बीव्हर या दोहोंना आळा बसल्याने कुरणे नाहीशी झाली. तोफांच्या मारटप्प्यात मात्र गोळ्यांनी लागणाऱ्या आगींमुळे ती टिकली. आगीत तेथील सुरवंट मरतात हे खरे. परंतु जवळची कुरणे शाबूत असल्यास तेथील फुलपाखरे जळालेल्या जागी पुन्हा येऊन वसतात. केवळ कुंपण घालून ही जाती वाचत नाही, हे लक्षात आल्यावर संशोधक निक हॅडॅड व त्यांचे सहकारी यांनी २०११ पासून झाडे तोडून व ओढे अडवून कुरणे मुद्दाम तयार केली.

भारतात संरक्षण खात्याकडे सुमारे १८ लाख एकर जमीन आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील खारे कर्जुने येथील रणगाड्यांचे सरावक्षेत्र (के. के. रेंज) कोरड्या माळरानावर आहे. अशा माळावर सरसकट वृक्षलागवड केल्यास गवतावर वाढणाऱ्या फुलपाखरांचा अधिवासच नष्ट होतो. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, परिस्थिती याच्या उलट आहे. तेथील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात (स्थापना १९८६) दाट, सदाहरित झाडीचे पट्टे असून त्यांना वणवा घातक ठरतो. सह्याद्रीच्या वनांतील नीलवंत (पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर) या राज्य फुलपाखराचे सुरवंट लिंबाच्या कुलातील वनस्पतींवर वाढतात. ही रोपे जळाल्यास त्यांचा आधारच तुटतो. तात्पर्य, जी आग एका अधिवासाला तारक तीच दुसऱ्याला मारक ठरते. म्हणून संरक्षणाचा उपाय त्या त्या जातीचे जीवनचक्र पाहूनच ठरवावा लागतो.