चंद्रोदयाची वाट पाहताना

आम्ही उभयता नोकरी करणारे. घरी बोलणे होई ते मुलांच्या ट्यूशनचे आणि विजेच्या बिलाचे. सरकारी कचेऱ्यांना शनिवारी सुट्टी असते, पण आमचा शनिवार बाजारहाटातच जाई.

म्हणून आम्ही दोघांनी संकष्टी धरली. पहिल्याच वेळी प्रश्न पडला, उपवास सोडायचा कधी? मुंबईहून आणलेल्या ‘कालनिर्णय’मध्ये चंद्रोदयाच्या वेळा भारतातील शहरांच्या. येथले घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे, पण चंद्रही येथे मुंबईच्या आधी उगवतो. तेव्हा नुसती बेरीज चालत नाही. येथलीच वेळ पाहावी लागते.

आता त्या संध्याकाळी सिलोन रोडवरील सेनपग विनायगर मंदिरात जातो. घरी येऊन दोघे मिळून अथर्वशीर्ष म्हणतो आणि ब्लॉकखालच्या बाकावर चंद्राची वाट पाहत बसतो. ढगांमुळे तो बरेचदा दिसतच नाही. पण गावी एकट्या राहणाऱ्या आईंना येथे आणायचे का, हा वर्षभर टाळलेला विषय अशाच एका चतुर्थीला त्या बाकावर निघाला आणि न भांडता मिटला.

चतुर्थीच हवी असे नाही. एकादशी धरा, गुरुवार धरा. मोदक जमले नाहीत तरी हरकत नाही. महिन्यातील एक संध्याकाळ मात्र दोघांची ठेवावी.