कन्फर्म तिकीट, वेळेत हजर, तरी विमानात जागा नाही? कागदावर सही करण्याआधी हे वाचा

तलासरी / डहाणू (प्रतिनिधी) : मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे पावणेसहाला फोन वाजला. आमच्या शेजारच्या पाड्यातला पोरगा, आयटीआय झालेला, चेन्नईला कंपनीत रुजू व्हायला निघालेला. विमानाचा पहिलाच प्रवास. "काका, मला विमानात घेत नाहीत. तिकीट कन्फर्म आहे, दोन तास आधी आलोय. म्हणतात सीट नाही. काय करू?"

मी अर्धवट झोपेत. म्हटलं थांब, कुणाला तरी विचारतो. विचारून परत फोन केला तोवर पोराने एका कागदावर सही करून टाकली होती. काउंटरवरची बाई गोड बोलली, "उद्याच्या विमानात बसवतो, हे दोन हजारांचं कूपन घ्या, इथे सही करा." त्याने केली. रात्र विमानतळाच्या खुर्चीवर काढली आणि नोकरीचा पहिला दिवस बुडाला. नंतर आम्ही कंपनीला मेल केला, तेव्हा उत्तर आलं की तुम्ही स्वतःच्या मर्जीने जागा सोडली आहे, भरपाई देय नाही. सहीचा कागद सोबत जोडलेला.

त्या एका सहीने त्याचं किती नुकसान झालं ते मला नियम वाचल्यावर कळलं. आपल्या भागातून आता पोरं विमानाने जातात. कुणी बोटीवर नोकरीला, कुणी फौजेत, कुणी शिकायला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांच्यापासून आपले वारली चित्रकार परदेशी जाऊन आलेत. म्हणून हा विषय फक्त मुंबईकरांचा राहिलेला नाही.

आधी हे होतं कसं ते बघू. रेल्वेत जागा नसेल तर तिकिटावरच 'वेटिंग' येतं. आरएसी असेल तर साइडच्या एका बर्थवर दोघं बसतात. म्हणजे रेल्वे निदान आधी सांगते. विमानात तसं नाही. कंपनी सीटपेक्षा जास्त तिकिटं विकते आणि प्रत्येकाच्या तिकिटावर 'कन्फर्म'च लिहिलेलं असतं. याला ओव्हरबुकिंग म्हणतात. काकडी लावताना आपण एका आळ्यात दोन-तीन बिया टाकतो, कारण सगळ्या उगवत नाहीत. कंपनीचा हिशोब तोच आहे. समजा विमानात १८० सीट आहेत आणि दर वेळी चार-पाच प्रवासी येतच नाहीत, तर ती १८३ किंवा १८४ तिकिटं विकते. विमान उडालं की रिकाम्या सीटचे पैसे गेलेच, ती सीट काही उद्या विकता येत नाही. पिकलेल्या चिकूसारखंच म्हणा. पण एखाद्या दिवशी सगळ्याच बिया उगवतात. मग एक रोप उपटून बांधावर टाकावं लागतं. ते रोप म्हणजे आमचा पोरगा.

गर्दीच्या लोकलमध्ये आपण विरारपर्यंत दांड्याला लटकून जातो. विमानात उभं राहून जाता येत नाही, तरी एकदा तसं होता होता राहिलं, तेही आपल्या मुंबईत. २१ मे २०२४ ला मुंबईहून वाराणसीला निघालेलं इंडिगोचं विमान जागेवरून हललं होतं, तेवढ्यात कर्मचाऱ्यांना मागच्या बाजूला एक माणूस उभा दिसला. विमान परत आणून त्याला उतरवलं, मगच ते सुटलं. कन्फर्म प्रवाशाची सीट चुकून स्टँडबाय, म्हणजे जागा उरली तर बसणाऱ्या प्रवाशाला दिली गेली, असा खुलासा कंपनीने केला.

याहून वाईट प्रकार अमेरिकेत झाला आणि त्याचा व्हिडिओ आपल्याकडेही मोबाईलवर फिरला होता. ९ एप्रिल २०१७, शिकागो विमानतळ, युनायटेड एक्स्प्रेसचं विमान. सगळे प्रवासी सीटवर बसले होते. मग कंपनीला आठवलं की आपले चार कर्मचारी दुसऱ्या गावी पोचवायचे आहेत. आधी ४०० डॉलर देऊ केले, मग ८००. कुणी उठेना. तेव्हा कंपनीनेच चार नावं काढली. तिघं उतरले. चौथे ६९ वर्षांचे डॉक्टर होते, ते म्हणाले, सकाळी माझे पेशंट आहेत, मी उतरणार नाही. सुरक्षारक्षकांनी त्यांना सीटवरून ओढून फरफटत बाहेर नेलं. नाक मोडलं, दोन दात पडले. जगभर बोंब झाली. त्याच महिन्यात कंपनीने डॉक्टरांशी तडजोड केली आणि यापुढे आपणहून जागा सोडणाऱ्याला १० हजार डॉलरपर्यंत देऊ असं जाहीर केलं. २०१८ च्या अमेरिकी कायद्याने तर बोर्डिंग झालेल्या प्रवाशाला जागा कमी आहे म्हणून उतरवायलाच मनाई केली.

आता आपल्या देशाचा नियम. विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, थोडक्यात डीजीसीए. त्याचा नियम असा की जागा कमी पडली तर कंपनीने आधी प्रवाशांना विचारायचं, कुणी आपणहून थांबायला तयार आहे का. जो तयार होईल त्याला कंपनी ठरवेल तो मोबदला, म्हणजे पैसे, कूपन, जे काही दोघांत ठरेल ते. इथे भाव करता येतो, हे लक्षात ठेवा. कुणीच तयार नसेल आणि कंपनीने तुम्हाला जबरदस्तीने थांबवलं, तर मात्र गोष्ट कंपनीच्या मर्जीची राहत नाही. मग रक्कम नियमाने ठरते.

ठरलेल्या वेळेपासून एका तासाच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं तर काही मिळत नाही. २४ तासांच्या आतल्या विमानात बसवलं तर मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून जे होईल त्याच्या दुप्पट, जास्तीत जास्त १० हजार रुपये. २४ तासांहून उशीर होणार असेल तर चौपट, जास्तीत जास्त २० हजार. आणि तुम्ही म्हणालात की मला आता जायचंच नाही, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर चौपट भरपाई, तिथेही मर्यादा २० हजारांचीच. या रकमा ऑगस्ट २०१६ पासून लागू झाल्या. त्याआधी कमाल मर्यादा फक्त ४ हजार होती.

हिशोब करून बघा. तिकीट ४,५०० चं, त्यात कर वगैरे सोडून मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून ३,७०० धरा. दुसऱ्या दिवशी पण २४ तासांच्या आत पाठवलं तर ७,४०० रुपये. २४ तास उलटले तर १४,८००. आमच्या पोराच्या हातात पडलं दोन हजारांचं कूपन, तेही त्याच कंपनीचं तिकीट काढलं तरच उपयोगाचं!

सगळा फरक त्या एका शब्दाचा आहे, स्वेच्छेने. काउंटरवर जो कागद पुढे करतात तो बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. त्यात 'व्हॉलंटियर' किंवा 'व्हॉलंटरी' असा शब्द दिसला तर थांबा. त्याचा अर्थ तुम्ही राजीखुशीने जागा सोडली. तुम्ही राजी नसाल तर सही करू नका. सांगा, "मी स्वेच्छेने थांबत नाही. मला बोर्डिंग नाकारलं आहे, तसं लिहून द्या." हे मराठीत, हिंदीत कसंही बोला, पण बोला. लिहून दिलं नाही तर तिथूनच कंपनीच्या ईमेलवर दोन ओळी पाठवा, फ्लाइट नंबर, वेळ, काउंटरवर काय सांगितलं ते. त्या मेलवर वेळ आपोआप पडते, पुढे तोच पुरावा. बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग, तिकिटाचा मेसेज, सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

काउंटरवाले 'सिस्टीम प्रॉब्लेम' किंवा 'ऑपरेशनल कारण' असं काहीतरी मोघम सांगतात. तुम्ही विचारायचं एवढंच, विमान जातंय ना? विमान जातंय, तुम्ही वेळेत आहात, कागदपत्रं बरोबर आहेत आणि तरी तुम्हाला घेत नाहीत, तर ते बोर्डिंग नाकारणंच झालं.

हा नियम नुसता कागदावर आहे असंही नाही. डीजीसीएने बेंगळुरू, हैदराबाद आणि दिल्लीला तपासणी केली आणि कन्फर्म तिकीटवाल्यांना बसू दिलं नाही, भरपाईही दिली नाही म्हणून जून २०२२ मध्ये एअर इंडियाला १० लाखांचा दंड ठोठावला. दंड सरकारजमा होतो, प्रवाशाच्या खिशात येत नाही, ती गोष्ट वेगळी.

पण वेळेत हजर असणं ही अट पक्की आहे आणि आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं. देशांतर्गत विमानाचं काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं. तलासरीहून मुंबई विमानतळ सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि वसई खाडीच्या पुलापासून घोडबंदरपर्यंत हायवे कधी तुंबेल याचा नेम नाही. तिथे तासभर अडकलात आणि काउंटर बंद झालं तर कुणी एक पैसा देणार नाही. मी तरी गाडीपेक्षा लोकलच बरी म्हणेन, डहाणूहून विरार, पुढे अंधेरी. घरून निघण्याआधीच मोबाईलवर वेब चेक-इन करा, बऱ्याच कंपन्यांचं ते ४८ तास आधी सुरू होतं. सीट नंबर हातात असलेल्याला मागे ठेवण्यापेक्षा सीट न मिळालेल्याला मागे ठेवणं कंपनीला सोपं पडतं. बोर्डिंग पासवर सीट नंबरच नसेल तर लगेच काउंटरवर जाऊन विचारा.

राग कितीही आला तरी हात उचलू नका. मार्च २०१७ मध्ये तेव्हाचे उस्मानाबादचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून दिल्लीला गेले. त्यांना बिझनेस क्लास हवा होता, विमानात तो वर्गच नव्हता. दिल्लीत उतरल्यावर त्यांनी एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारलं. विमान कंपन्यांनी त्यांना बंदी घातली, खासदार असून रेल्वेने फिरावं लागलं. त्याच वर्षी सरकारने गोंधळ घालणाऱ्या प्रवाशांसाठी नो-फ्लाय यादीचा नियम आणला. नुसत्या शिवीगाळीलाही तीन महिन्यांपर्यंत बंदी होऊ शकते. तुमचं म्हणणं खरं असलं तरी मारामारी केलीत की भरपाईचा विषय बाजूला पडतो.

कंपनीने दाद दिली नाही तर पुढे काय? नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं 'एअर सेवा' नावाचं पोर्टल आणि ॲप आहे, तिथे तक्रार टाकता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक चांगली सोय आहे, तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दावा लावता येतो. कंपनीचं ऑफिस दिल्लीला का असेना. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. दिल्ली उच्च न्यायालयाने एका अशाच प्रकरणात सांगितलंय की डीजीसीएची रक्कम मिळाली म्हणून प्रवाशाचा जास्त भरपाई मागण्याचा हक्क संपत नाही. नोकरी गेली, परीक्षा बुडाली, बोट सुटली, तर ते नुकसान तिथे मांडता येतं.

आणखी एक, हे खास आपल्या बाजारातल्या एजंटांबद्दल. तिकीट काढताना बरेच एजंट प्रवाशाच्या जागी स्वतःचा मोबाईल नंबर टाकतात. विमान रद्द झाल्याचा, वेळ बदलल्याचा मेसेज मग एजंटाला जातो आणि तुम्ही विमानतळावर पोचल्यावर तुम्हाला कळतं. विमान रद्द झाल्यावर भरपाई मागायला गेलात तर नियमात स्पष्ट आहे, बुकिंग करताना संपर्काची नीट माहिती दिली नसेल तर पैसे मिळणार नाहीत.

तो पोरगा दिवाळीला घरी आला होता. परतीचं तिकीट काढायला मी सोबत गेलो. एजंट सवयीने स्वतःचाच नंबर टाइप करत होता. पोराने त्याचा हात धरला, "दादा, माझा टाका."