सत्याची ओळख पायरीपायरीनें

शाळा सोडण्याच्या सुमारास कित्येक ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या मनांत आपल्या धर्माविषयीं दोहोंपैकीं एक समजूत घर करून बसलेली आढळते. कोणास वाटतें कीं, दहा आज्ञा पाठ झाल्या, प्रभूची प्रार्थना मुखोद्गत झाली, बाप्तिस्मा व दृढीकरण हे विधि यथासांग पार पडले. आतां जाणण्यासारखें असें कांहीं उरलें नाहीं. दुसऱ्या कोणाच्या बाळपणच्या समजुती विज्ञानाचीं व इतिहासाचीं पुस्तकें वाचून डळमळूं लागतात. त्यास वाटतें कीं, आपला विश्वासच खोटा ठरला. आणि तो कोणास कांहीं न विचारतां उपासनेस येणें सोडतो. हे दोघे विद्यार्थी परस्परांपासून फार दूर दिसतात, तथापि दोघांची चूक एकच आहे. आध्यात्मिक सत्य एकदांच, एकाच दिवशीं, सबंध हातीं येतें असें दोघेही धरून चालतात. शुभवर्तमानांत जें दिसतें तें याच्या अगदीं उलट आहे. तें काय, हें या लेखांत पाहूं. लेख ख्रिस्ती श्रद्धेविषयीं असला तरी, ज्ञान मनुष्याच्या अंतःकरणांत कसें वाढतें हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या जिज्ञासु विद्यार्थ्यास परका वाटूं नये.

प्रारंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सत्य वाढतें किंवा बदलतें असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. वाढतें तें आपलें आकलन. लहान मुलास पहिल्या इयत्तेंत आपण शिकवितों कीं, पांचांतून सात वजा जात नाहींत. तेंच मूल पुढें बीजगणित शिकूं लागलें म्हणजे त्यास कळतें कीं, पांचांतून सात वजा केले असतां उणे दोन राहतात. मग पहिल्या शिक्षकानें त्यास खोटें सांगितलें काय? मुळींच नाहीं. हातांत मोजावयास गोट्या असतां जें खरें होतें तेंच त्यानें सांगितलें, आणि गोट्यांच्या बाबतींत तें आजही खरें आहे. पुढचा धडा मागच्या धड्यास पुसून टाकीत नाहीं. तो त्यास आपल्या पोटांत घेतो. धर्मज्ञानाचेंही असेंच आहे. देव आपला पिता आहे, हें वाक्य पांच वर्षांचें मूल उच्चारतें आणि सत्तर वर्षांचा वृद्धही उच्चारतो. वाक्य एकच असतें. परंतु वृद्धाच्या वाक्यांत त्याच्या सबंध आयुष्याचा अर्थ सांठलेला असतो.

प्रभु येशूनें देवाच्या राज्याची तुलना शेतांत वाढणाऱ्या पिकाशीं केली आहे. हा दृष्टांत मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांत आहे. आपल्या देशावरील शेतकऱ्याच्या मुलास तो समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्वारी पेरली म्हणजे प्रथम कोंब वर येतो, मग ताटें वाढतात, पीक पोटरीस येतें, कणीस बाहेर पडतें आणि शेवटीं त्यांत दाणा भरतो. कोंबांत दाणा नाहीं म्हणून कोणी शेतकरी कोंबास खोटा म्हणत नाहीं; आणि पीक पोटरीस आलें एवढ्यावर समाधान मानून कोणी राखण सोडीत नाहीं. प्रत्येक अवस्था तिच्या वेळीं पूर्ण असते आणि पुढच्या अवस्थेच्या मानानें अपुरी असते. हीं दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं आहेत, हें ज्यास उमगलें त्यास या विषयाचें मर्म कळलें.

याच शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायांत बेथसैदा गांवच्या एका आंधळ्याची कथा आहे. येशूनें त्याचा हात धरून त्यास गांवाबाहेर नेलें, त्याच्या डोळ्यांस स्पर्श केला, आणि कांहीं दिसतें काय असें विचारिलें. त्या मनुष्यानें सांगितलें कीं, माणसें दिसतात खरीं, पण तीं चालत्या झाडांसारखीं भासतात. येशूनें पुन्हां हात ठेविले, तेव्हां त्यास सर्व स्पष्ट दिसूं लागलें. दोन पायऱ्यांनीं बरें केल्याची शुभवर्तमानांतील ही एकच कथा आहे. या कथेंत त्या मनुष्याचा प्रामाणिकपणा लक्षांत घेण्यासारखा आहे. उपकारकर्त्यास वाईट वाटूं नये म्हणून, सर्व कांहीं स्वच्छ दिसतें, असें तो म्हणाला नाहीं. आणि पुरतें दिसत नाहीं म्हणून निराश होऊन उठूनही गेला नाहीं. जेवढें दिसत होतें तेवढें त्यानें सांगितलें आणि तो तेथेंच थांबला.

मार्कानें या कथेला लागूनच पेत्राची कथा दिली आहे. फिलिप्पाच्या कैसरियाकडे जातांना वाटेंत येशूनें शिष्यांस आपणाविषयीं प्रश्न केला, तेव्हां येशू हाच ख्रिस्त होय असें पेत्रानें निःशंकपणें सांगितलें. उत्तर बरोबर होतें. परंतु ख्रिस्तानें दुःख सोसावें, वधस्तंभावर मरावें, हें येशू सांगूं लागतांच पेत्र त्यास बाजूला घेऊन दटावूं लागला, आणि त्यास अत्यंत कडक शब्दांत फटकारा मिळाला. रोमी सत्तेखालीं दडपलेल्या लोकांस ख्रिस्त म्हणजे सिंहासनावर बसणारा राजा एवढाच अर्थ ठाऊक होता. पेत्रास शब्द सांपडला होता, अर्थ सांपडावयाचा होता. त्याचेंही दिसणें त्या दिवशीं झाडांसारख्या माणसांचेंच होतें.

येशूनें त्यास शिष्यवर्गांतून काढून टाकिलें नाहीं. पुढें पेत्रानें तीन वेळां प्रभूस नाकारलें, रडला, आणि गालील समुद्राच्या कांठीं त्यास पुन्हां कामावर नेमण्यांत आलें. पुनरुत्थानानंतरही इस्राएलाचें राज्य आतां परत मिळणार काय, असें शिष्य विचारीतच होते. पवित्र आत्म्याच्या आगमनानंतर पेत्र धैर्यानें उपदेश करूं लागला. तरी विदेशी मनुष्याच्या घरांत पाऊल टाकूं नये हा निर्बंध त्याच्या मनांतून गेला नव्हता. यापो येथें शिमोन चांभाराच्या धाब्यावर त्यास दर्शन झालें. सर्व प्रकारच्या प्राण्यांनीं भरलेली चादर आकाशांतून खालीं आली, मारून खाण्याची आज्ञा झाली, आणि पेत्रानें विटाळाचें कारण सांगून नकार दिला. असें तीनदां झालें. ह्या दर्शनाचा अर्थ काय, याचा विचार तो करीत आहे तोंच कर्नेल्य नांवाच्या रोमी शताधिपतीचीं माणसें दाराशीं उभीं राहिलीं. पेत्र त्यांच्याबरोबर गेला, त्या घरांत शिरला, आणि तेथें बोलतां बोलतां त्यास कळलें कीं, देव पक्षपाती नाहीं. दर्शनाचा अर्थ त्यास धाब्यावर बसून उमगला नाहीं. तो विदेश्याच्या उंबरठ्याच्या आंत गेल्यावर उमगला.

एवढ्यानेंही काम संपलें नाहीं. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत पौल सांगतो कीं, अंत्युखियांत पेत्र विदेशी बंधूंबरोबर जेवीत असे. पण यरुशलेमेहून कांहीं मंडळी येतांच भीतीनें तो त्या पंक्तींतून बाजूला झाला, आणि पौलास त्याची सर्वांसमक्ष कानउघाडणी करावी लागली. बुद्धीस पटलेली गोष्ट हाडींमासीं खिळण्यास किती वेळ लागतो याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण. पंक्तिभेदाची संवय आपल्या महाराष्ट्रास कांहीं अपरिचित नाहीं. कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं १९०० सालीं. आपलें सोंवळें कसकसें सुटत गेलें तें लक्ष्मीबाईंनीं ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत मोठ्या मोकळेपणानें सांगितलें आहे. तें वाचतांना पेत्राची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

आतां हें ज्ञान हळूहळू कां येतें? याचीं तीन कारणें सहज दिसतात. पहिलें असें कीं, आपलें मन कोरी पाटी नसतें. जातीचे, कुळाचे, काळाचे संस्कार त्यावर आधींच लिहिलेले असतात, आणि नवें सत्य प्रथम त्या जुन्या अक्षरांतूनच वाचलें जातें. दुसरें असें कीं, ख्रिस्ती धर्माचें मुख्य सत्य हें एक सूत्र किंवा सिद्धांत नसून एक व्यक्ति आहे. सिद्धांत एका तासांत समजूं शकेल. व्यक्तीची ओळख सहवासानेंच होते. तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें. आध्यात्मिक सत्य हें आचरणानें कळणारें आहे. जेवढा प्रकाश मिळाला तेवढ्यानें एक पाऊल टाकावें, म्हणजे पुढचें पाऊल दिसतें. कंदील हातांत घेऊन रात्रीं गांवास निघालेल्या माणसास सबंध वाट दिसत नाहीं, चार हात दिसते. तो चालत राहिला तर तोच कंदील त्यास घरीं पोंचवितो. उभा राहिला तर तेच चार हात रात्रभर दिसत राहतात.

या तिन्ही कारणांची साक्ष पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत मिळते. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येचा जन्म १८५८ सालीं झाला. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविलें. विवाहानंतर सिलचर येथें पतीच्या ग्रंथसंग्रहांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सांपडली. वैधव्य आल्यावर त्या १८८२ सालीं पुण्यास आल्या व तेथें मराठी नवा करार वाचूं लागल्या. १८८३ सालीं इंग्लंडांत गेल्यावर पतित स्त्रियांस आश्रय देणाऱ्या भगिनींचें काम त्यांनीं पाहिलें. समाजानें टाकिलेल्या स्त्रियांस या भगिनी इतक्या मायेनें कां जवळ करितात, असें त्यांनीं विचारिलें, तेव्हां एका भगिनीनें त्यांस योहानकृत शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. त्या कथेनें त्यांचें मन वळविलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला.

परंतु बाप्तिस्म्यानें त्यांचे प्रश्न संपले नाहींत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला आहे. त्यांत त्रैक्याच्या सिद्धांताविषयीं रमाबाईंनीं काढलेल्या शंका आहेत. आणि आपल्या विवेकबुद्धीस न पटलेली गोष्ट केवळ अधिकाऱ्यांच्या शब्दावर मान्य करणार नाहीं, असा निश्चयही आहे. भगिनींस त्यांच्या या वृत्तीमुळें क्लेश झाले. तथापि रमाबाई वादांत गुंतून बसल्या नाहींत. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत शारदा सदन उघडलें, पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें, आणि विधवांच्या सेवेंत त्या गढून गेल्या. आपल्या साक्षींत त्या सांगतात कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांस उमगलें कीं, आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला आहे, पण ज्यास शरण जावयाचें तो ख्रिस्त अजून आपणांस हवा आहे. हॅस्लम नांवाच्या इंग्रज पाळकाचें आत्मचरित्र वाचून त्यांस ही जाणीव झाली. अनेक वर्षें धर्मोपदेश केल्यावर आपणच त्या कृपेस पारखे आहों, असें त्या पाळकास आढळून आलें होतें.

पुढची वाटचाल सर्वांस ठाऊक आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं शेंकडों अनाथ मुली व विधवा आणून सांभाळल्या, आणि केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. अल्पशिक्षित स्त्रियांस समजेल असें सोपें मराठी बायबल असावें म्हणून त्या उतारवयांत इब्री व ग्रीक भाषा शिकल्या. भाषांतराचें काम मृत्यूच्या आधीं थोडेच दिवस पुरें झालें; ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या व १९२४ सालीं तें बायबल प्रसिद्ध झालें. १८८३ सालीं त्यांस जें दिसलें तें खोटें नव्हतें. शोमरोनी स्त्रीशीं बोलणारा येशू त्यांनीं तेव्हांच पाहिला होता. तो आपल्याशींही बोलत आहे, हें त्यांस मागाहून कळलें.

येथें दोन सूचना करणें अवश्य आहे. ज्ञान हळूहळू येतें या म्हणण्याचा आळशी मनुष्य आपल्या सोयीचा अर्थ करील. इब्रीकरांस लिहिलेल्या पत्राचा लेखक आपल्या वाचकांस दोष देतो तो याचसाठीं. एव्हांना जे शिक्षक व्हावयाचे ते अजून तान्ह्या मुलांप्रमाणें दूधच मागत होते. हळूहळू चालणें निराळें आणि बसून राहणें निराळें. दुसरी सूचना अशी कीं, प्रत्येक नवा विचार म्हणजे प्रगति नव्हे. मग खरी वाढ ओळखावी कशी? पेत्राची समजूत वाढली तेव्हां त्याची पंक्ति मोठी झाली. रमाबाईंची समजूत वाढली तेव्हां निराधार स्त्रियांसाठीं आणखी एक दार उघडलें. ज्या ज्ञानानें आपण प्रभूच्या अधिक जवळ व शेजाऱ्याच्या अधिक उपयोगी पडतों, तें ज्ञान वाढीचें; ज्यानें केवळ इतरांस अडाणी म्हणण्याची हौस भागते, तें फुगीचें.

विद्यार्थीमित्रहो, बाळपणच्या धड्यांस शंकांचा धक्का बसला तर घाबरूं नका आणि ते धडे फेंकूनही देऊं नका. अंधुक दिसतें तें अंधुकच दिसतें असें सांगा. पण ज्यानें तुमचा हात धरून गांवाबाहेर आणलें त्याचा हात सोडूं नका. रोज शास्त्रांतील थोडा भाग लक्षपूर्वक वाचा, त्यांतील जी एक गोष्ट निश्चित कळली ती त्याच दिवशीं करून पाहा, आणि न कळलेली जपून ठेवा. तिचीही वेळ येईल. पालकांस व आम्हां शिक्षकांसही एक विनंति आहे. मुलाचा प्रश्न ऐकून त्यास अविश्वासी ठरवूं नये. पेत्राच्या गुरूनें एवढ्या चुका सोसून त्यास शिकविलें, तर आपण एका प्रश्नानें कां चिडावें? कोंब उपटून पाहणाऱ्याच्या शेतांत पीक येत नाहीं. त्याला पाणी घालावें, राखण करावी, आणि वाढविणाऱ्या देवावर भरंवसा ठेवावा.